खबरदारीची पूड

आमच्या सासूबाईंच्या मते शहाण्या बाईने आजारी पडावं ते होळीच्या सुमाराला, नाहीतर भाताची झोडणी आटोपल्यावर. लावणीत आजारी पडणं म्हणजे शुद्ध बेशिस्त. मी पडले ती ऐन लावणीत, आणि तीही आमच्या स्वतःच्या खाचरांची पाळी दुसऱ्या दिवसावर आलेली असताना. त्याबद्दल त्या मला पुढे कधी एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. माझे यजमान लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि आम्ही दोघं तिथेच राहत होतो. सासूसासरे मळवलीला. तिथे आमची भाताची थोडी खाचरं होती. लावणी आली की यजमान मला गाडीत बसवून मळवलीला धाडून देत आणि स्वतः रविवारचे येत. मी तळेगावच्या शाळामास्तरांची मुलगी. माझं अक्षर वळणदार होतं, व्याकरण पक्कं होतं, आणि पहिल्या वर्षी मी चिखलात रोवलेली रोपं संध्याकाळपर्यंत सगळी पाण्यावर तरंगत होती.

मला लावणी शिकवली ती बांधापलीकडच्या घरच्या सुनेने. माझ्याहून थोडी मोठी, अंगाने काटक, आवाजाने दणदणीत. मी तिला अक्का म्हणायची, ती मला वयनी म्हणायची. "वयनी, लिवायचा टाक न्हाई त्यो, येवढा नाजूक नगा धरू. आंगठा घाला चिखलात! चिखूल काय चावतोय व्हय?" हे ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणे, आणि सगळी रांग वाकल्या वाकल्या हसे. मला राग यायचा. राग आला की माझा हात भराभर चालायचा, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मला चिडवणं हा तिच्या शिकवण्याचाच भाग होता, आणि ते लक्षात आल्यावर मी तिची कायमची झाले.

आमच्याकडे लावणी इर्जिकीने होई. म्हणजे वाडीतल्या प्रत्येक घराने एक बाई द्यायची, सगळ्या मिळून आज एकाची खाचरं लावायची, उद्या दुसऱ्याची. ज्याचं शेत त्याच्या घरी त्या दिवशी सगळ्यांचं जेवण. यात हिशेब कुणी ठेवत नसे, पण विसरतही कुणी नसे. आपल्या घरची बाई रांगेत नसली तर तिच्या जागी दुसरी कुणी उभी करायची, निदान सांगून ठेवायची. रांगेत मोकळी जागा दिसली की ती कुणाची, हे बांधावर बसलेल्या म्हातारीलाही कळे.

त्या वर्षी अक्काच्या शेताची लावणी चालू असताना ती मधेच ताठ उभी राहिली आणि तिने उजवी कूस दाबून धरली. "टोचतंय बाई हितं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाकली. त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. दिवसभर कमरेतून वाकून, पाय ओढत मागे मागे सरकायचं, त्यामुळे लावणीत आमच्या भागातल्या बायकांची पोटं दुखतच. त्या दुखण्याला एकच नाव, बेंबी सरकली. त्यावर इलाजही एकच. वाडीत एक म्हातारी होती, ती येऊन तेलाचा हात घेऊन पोट चोळायची, बेंबीवर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घालायची, आणि वर एरंडेलाचा घोट. बहुतेकींना गुणही येई, कारण बहुतेकींना नुसता शीणच झालेला असे. त्या संध्याकाळी म्हातारी अक्काकडे जाऊन तांब्या लावून आली.

तिथून ती थेट आमच्याकडे आली, कारण तोवर मीही आडवी झाले होते. माझंही उजव्याच कुशीत दुखत होतं, वर उलट्या. "हिची बी सराकली," म्हातारी म्हणाली आणि तिने पदर खोचला. एकाच म्हातारीने, एकाच तेलाने, एकाच संध्याकाळी दोघींची पोटं चोळायला घेतली. इथवर आमच्या दोघींत तसूभर फरक नव्हता. पुढच्या सगळ्या गोष्टीत मला सतावतं ते हेच.

फरक पडला तो रविवार असल्यामुळे. संध्याकाळच्या गाडीने यजमान आले, माझी अवस्था त्यांनी पाहिली आणि सासूबाईंच्या हातातली एरंडेलाची वाटी काढून घेतली. मालधक्क्यावरचा त्यांचा एक सोबती असंच पोट दुखून, असंच एरंडेल पिऊन गेला होता. ते वैद्यकी शिकले नव्हते, घाबरलेले होते इतकंच. त्यांनी आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बैलगाडी जुंपायला लावली आणि परतीच्या गाडीने मला लोणावळ्याला नेलं. निघताना सासूबाई मला म्हणाल्या, "उद्याची काळजी करू नगंस, कुनीतरी हुबं ऱ्हाईल तुझ्या जागी." मी काळजी करतच नव्हते. मला माझ्या पोटापुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

लोणावळ्याच्या डॉक्टरांचा दवाखाना लहानसा होता, पण ते पुण्यात शस्त्रक्रिया शिकून आलेले होते. त्यांनी पोट चाचपून अपेंडिक्स असं निदान केलं आणि लगेच कापायचं ठरवलं. मग त्यांनी यजमानांना बाजूला बोलावलं. ते बोलणं मला यजमानांनी नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आत घाण झाली असेल किंवा नसेलही. आमच्याकडे सल्फाची पूड आहे. पोट शिवण्याआधी ती आत भुरभुरली की पुढे पू होण्याची भीती पुष्कळ कमी होते. पण आत्ता एकाच माणसापुरती आहे. सगळा माल लष्कराकडे जातोय, पुण्याला मागितलीय, कधी मिळेल सांगवत नाही. खबरदारी म्हणून टाकू का?" यजमान म्हणाले, "टाका."

आणि कोण नाही म्हणेल? मी कितीतरी वेळा त्यांच्या जागी स्वतःला उभं करून पाहिलं आहे. समोर बायको विव्हळते आहे, डॉक्टर औषध पुढे करतो आहे, आणि हे औषध दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवा असं म्हणायचं? त्या दुसऱ्या कुणाला अजून नाव नव्हतं, चेहरा नव्हता. मीसुद्धा "टाका" असंच म्हटलं असतं. मला कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही, एवढंच.

माझं सगळं विनासायास झालं. ताप नाही, जखम कोरडी, भूक लागायला लागली. मी पातळ पेजेबद्दल कुरकुर करू लागले तेव्हा नर्सबाई म्हणाल्या की तक्रारी सुरू झाल्या म्हणजे पेशंट बरा झाला. बाहेर पाऊस ओतत होता आणि मी पांघरुणात कोरडी पडून होते. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. लग्नानंतर प्रथमच लावणी चुकली होती.

मग एका सकाळी अक्काला आणलं. मळवलीहून गार्डाच्या डब्यात बाजेवर निजवून आणलं होतं. सोबत तिचा नवरा. त्याला मी भाऊ म्हणत असे. माझ्या समोरच्या खाटेवर तिला ठेवली. तोंड सुकलेलं, डोळे आत गेलेले, पोट फळीसारखं टणक. मला पाहून तिने ओळखीचं हसू आणलं.

"वयनी, झोपा काढताय व्हय हितं?"

"अक्का, तुला काय झालं गं?"

"तेच. बेंबी." मग दम घेऊन म्हणाली, "तुमचं वावार लावून झालं बगा. समदं. तुमच्या जागंला मीच हुती हुबी."

"अगं, तुझं पोट दुखत होतं ना?"

"दुखतंया की. लावणीत कुनाचं दुखत न्हाई? माज्या वावरात तुमी राबला, मग तुमच्या टायमाला मी घरी निजू व्हय? आन लय सरळ लावलंया. तुमच्यावानी वाकडं न्हाई."

हे ती मला चिडवायला म्हणाली. नेहमीसारखा मला राग यावा म्हणून. मी हसले, कारण तिला तेच हवं होतं.

तिला आत नेलं. बाहेर आणली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा मला आवडला नाही. आतलं फुटलं होतं, सगळीकडे घाण पसरली होती. डॉक्टर हात पुसत नर्सबाईंना म्हणाले, "आता पूड हवी होती." नर्सबाई म्हणाल्या, "होती ती या बाईंना वापरली ना." असं म्हणताना त्यांनी माझ्या खाटेकडे पाहिलं. मी जागी आहे हे दोघांच्याही लक्षात आलं. डॉक्टरांनी मान वळवली आणि खिडकी लावून घ्या, पाऊस आत येतोय, असं काहीतरी म्हणाले.

मला त्या क्षणी पुडीचं काहीच माहीत नव्हतं. यजमान डबा घेऊन आले तेव्हा मी विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगितलं. आम्ही दोघंही मग समोरच्या खाटेकडे न पाहता बसलो. डॉक्टरांनी पुण्याला फोन लावले, गाडीने माणूस पाठवला. तो ठिकठिकाणी फिरून कुठूनतरी मूठभर सल्फाच्या गोळ्या घेऊन आला. तोवर तिला पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. तिचा ताप चढत गेला. तापात ती बडबडत होती, त्यात चिखल होता, रोपांची मूठ होती, तिची लहान मुलगी होती. मी समोर पडून ऐकत होते. मला उठायची परवानगी नव्हती आणि कान बंद करता येत नव्हते. जेवणाच्या वेळेला, बाहेर पाऊस जरा थांबलेला असताना, ती गेली. भाऊने तिला परत मळवलीला नेलं.

माझे टाके काढताना मी डॉक्टरांना विचारलं, "माझं आत फुटलं होतं का हो?"

"छे छे. नुसतं लाल झालं होतं. वेळेवर आलात."

"मग पूड?"

"खबरदारी," म्हणाले. "तिच्यावाचूनही तुम्ही बहुधा बऱ्याच झाला असता. पण ते आधी कुणाला कळतं?"

भला माणूस होता. खोटं बोलला असता तर मी त्याला दुवा दिला असता. माझं आतडं सडलं होतं, पू झाला होता, पूड नसती तर मी मेलेच असते, असं त्याने सांगायला हवं होतं. मला तेव्हा आणि नंतरही सारखं वाटत आलं की आपण थोडं जास्त आजारी असायला हवं होतं. जे दुखणं मला होणारच नव्हतं ते होऊ नये म्हणून मला औषध मिळालं, आणि जिला ते दुखणं झालं तिला मिळालं नाही. यात कुणाचं चुकलं हे मी शोधून शोधून दमले. कुणीच सापडत नाही.

घरच्यांनी मला फार सांभाळून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझा काय दोष? तिचं आविष्यच तेवढं." यजमान म्हणाले, "तुला कुणी विचारलं नव्हतं. दोष असलाच तर माझा." आबा माझ्या ताटात स्वतः तूप वाढू लागले. जो तो मला निर्दोष ठरवी, आणि मी आणखी आणखी आवळली जाई. भात तयार झालं. तिने लावलेल्या खाचराचा तांदूळ माझ्या घशाखाली उतरला नाही, असं लिहायला छान वाटेल. पण आंबेमोहोर होता, नवा होता, आणि मी तो दोन वेळा जेवले.

वाडीने या प्रकाराचा आपला अर्थ लावून टाकला होता. दोघींना कापलं, एक जगली, एक गेली. म्हणजे कापणं हा जुगार. भाऊचं म्हणणं आणखी सोपं होतं. तो कुणालाही सांगे, "दवाखान्यात नेली म्हनून गेली. घरी ऱ्हायली असती तर उतार पडला असता." पुडीचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. त्याने विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही. हे कारण मला बरीच वर्षं पुरलं.

युद्ध संपलं. औषधं दुकानात दिसू लागली. एका थंडीत मी मळवलीला गेले होते, सकाळी बांधापलीकडून कण्हणं ऐकू आलं. अक्काची मुलगी एव्हाना घरकामाला हाताशी आली होती. तिचं पोट दुखत होतं. मी गेले तर भाऊची म्हातारी आई तिच्या उशाशी बसलेली, हातात एरंडेलाची वाटी. मी मुलीला विचारलं कुठे दुखतं, आणि तिने उजव्या कुशीवर हात ठेवला.

मी वाटीवर हात ठेवला. "आजी, हे देऊ नका. भाऊ, हिला आत्ताच्या आत्ता लोणावळ्याला न्यायची."

भाऊ दारात उभा होता. "न्हाई," म्हणाला. "हिच्या आईला नेलती. पुन्यांदा न्हाई नेनार."

"भाऊ, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय येगळं हुतं? डाक्टर त्योच. सुरी तीच."

"आता औषध आहे."

"तवा नव्हतं?" त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमास्नी तर कायतरी घातलं हुतं म्हनं. गुन आला का त्येनं? खरं सांगा वयनी. येवढी एकच पोर हाय मला."

म्हणजे कुठूनतरी अर्धंमुर्धं त्याच्या कानावर आलं होतं. त्याचा विश्वास बसायला हवा होता, तर औषधाने माणूस वाचतो असं मला छातीठोक सांगायला हवं होतं. आणि तसं सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच. मुलगी अंगाचं मुटकुळं करून पडली होती. आईसारखाच जिवणीचा घाट होता तिचा.

"हो," मी म्हणाले. "पूड घातली होती. तिने माणूस वाचतो."

"मंग तिला का न्हाई घातली?"

"उरली नव्हती. एकच होती. ती माझ्यात गेली."

त्याने दाराची चौकट धरली. "म्हंजी असती तर..."

"असती तर अक्का वाचली असती," मी म्हणाले. डॉक्टर असं म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले असते, सांगता येत नाही. पण 'सांगता येत नाही' या शब्दांवर त्याने मुलीला घरातून हलू दिलं नसतं.

त्याने मुलीला घोंगडीत गुंडाळून उचललं आणि स्टेशनची वाट धरली. मी मागोमाग. गाडीत तो एका खिडकीशी बसला, मुलीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि लोणावळा येईपर्यंत त्याने आमच्याकडे मान वळवली नाही.

डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी कापली. अजून फुटलं नव्हतं. सल्फा आधीही दिली, आतही टाकली. या वेळी एकच उरली आहे, टाकू का, असं त्यांनी कुणाला विचारलं नाही. मुलगी शुद्धीवर आली. ताप आला नाही. मी रोज जात होते. पाणी द्यायची मनाई होती, म्हणून ओल्या कापसाने तिचे ओठ टिपत होते. भाऊ खाटेच्या पायथ्याशी बसून असे. माझ्याशी कामापुरतं बोले.

डॉक्टर जेव्हा म्हणाले की आता धोका नाही, तेव्हा तो माझ्याबरोबर व्हरांड्यात आला.

"वयनी," म्हणाला, "पोर तुमच्यामुळं वाचली. त्ये मी मरस्तवर इसरनार न्हाई."

मी काही बोलणार तोच त्याने हाताने थांबवलं.

"पन आता उद्यापास्नं येऊ नगा. आन मळवलीला आला, तरी बांध वलांडून आमच्यात येऊ नगा. तुमी दिसला की मला ती दिसती. तिच्या वाटचं तुमाला गेलं. तुमचा गुन्हा न्हाई, त्ये कळतंय मला. पन जीव न्हाई ऐकत."

मी मान हलवली. इतकी वर्षं सगळी माणसं मला समजावत होती, आणि मी त्यांच्यातल्या कुणाशीही या विषयावर खरं बोलू शकले नव्हते. भाऊने मला समजावलं नाही. त्याने मला दाराबाहेर काढलं, आणि मला वाटलं, अखेर अक्कासाठी कुणीतरी माझ्यावर रागावलं.

मी आत गेले. मुलगी झोपली होती. हातातला ओला कापूस मी वाटीत ठेवला, वाटी भाऊच्या हातात दिली, आणि ओठ टिपताना दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, असं त्याला दाखवून घरी आले.